वरचे दात, खालचा ओठ

मिंदानाओ बेटाच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावातले लोक मुळात तिथले नव्हते. 1939 साली फिलिपिन्सच्या सरकारने दक्षिणेतल्या मोकळ्या जमिनी कसायला द्यायचे ठरवले आणि उत्तरेच्या बेटांवरून माणसांनी भरलेल्या बोटी येऊ लागल्या. त्या पुढे वर्षानुवर्षे येतच राहिल्या. या गावाचे लोक पनाय बेटावरून आले होते. येताना त्यांनी बियाणे आणले, देवाच्या तसबिरी आणल्या आणि हिलिगायनोन नावाची आपली गोड, हेल काढून बोलायची बोली आणली. जमिनी मोकळ्या होत्या त्या कागदावर. तिथे आधीपासून वावरणारे लोक एकेक पाऊल मागे सरत डोंगरात वर गेले. त्यांतलेच त्बोली लोक लेक सेबू नावाच्या तळ्याभोवती राहत. खालच्या गावाला वरच्यांशी फारसे कर्तव्य नव्हते. वरून मासळी आणि कापड यायचे, खालून मीठ आणि रॉकेल जायचे, एवढेच.

गावातल्या शाळेत पाचवीच्या वर्गाला एक बाई इंग्रजी शिकवायच्या. मुले त्यांना मॅम म्हणत. मॅम कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा असे. इंग्रजीच्या तासाला ज्याच्या तोंडून घरच्या बोलीतला शब्द निघेल त्याने डब्यात एक पेसो टाकायचा, असा नियम होता. हा नियम मॅमनी काढलेला नव्हता. त्यांच्या लहानपणीही असाच डबा होता आणि मॅमचे कितीतरी खाऊचे पैसे त्यात गेले होते.

त्या देशात इंग्रजी शाळेत आली ती जहाजातून. 1901 साली थॉमस नावाचे जहाज सुमारे पाचशे अमेरिकन मास्तर घेऊन मनिलाच्या बंदराला लागले. आधीची स्पॅनिश राजवट जाऊन नुकतीच अमेरिकेची आली होती. त्याच वर्षीच्या कायद्याने शाळेत इंग्रजीतून शिकवायचे ठरले. ज्या देशात सफरचंदाचे झाड कुणी पाहिले नव्हते तिथली मुले सफरचंदाचे स्पेलिंग घोकू लागली. राज्ये बदलली, इंग्रजी राहिली. आता तर इंग्रजीवर पोटे होती. कुणी मुलगा बोटीवर नोकरीला जाई, कुणी मुलगी परदेशात नर्स होई, आणि शहरांमध्ये रात्रभर दिवे जळणारी कॉल सेंटरे उभी राहिली होती. इंग्रजी बोलून बोलून नाकातून रक्त आले, असे लोक गमतीने म्हणत, आणि पुन्हा बोलायला लागत.

अडचण एका अक्षराची होती. गावच्या बोलीत फ नव्हता. फ म्हणजे आपल्या फणसातला नव्हे. त्यात दोन्ही ओठ मिटतात. हा फ फोनमधला, फीमधला. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हळूच हवा सोडली की होतो तो. त्या गावात दात ओठावर टेकवायची चालच नव्हती. फोर म्हणायला जावे तर पोर होई, फिशचे पिस होई आणि व्हेरी गुडचे बेरी गुड. देशाचे नावसुद्धा घरात पिलिपिनास आणि बाहेर फिलिपिन्स. मॅम लहानपणी शाळेत जायच्या तेव्हा भिंतीवर अबाकादाचा तक्ता असे. 1940 सालची ती वर्णमाला वीसच अक्षरांची होती, आणि त्या विसांत फ नव्हता. पुढे 1987 साली अठ्ठावीस अक्षरांची नवी वर्णमाला आली, तीत फ होता. मॅमनी नवा तक्ता टांगला. हे अक्षर बाहेरच्या शब्दांसाठी आणले आहे, पाहुणे आले की काढायच्या कपबशीसारखे, असे त्यांनी मुलांना सांगितले. त्यांना स्वतःलाही तसेच वाटत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मॅमची थोरली मुलगी दावाओ शहरात कॉल सेंटरच्या मुलाखतीला गेली. हुशार मुलगी, पदवी घेतलेली. तिला एक परिच्छेद वाचायला दिला. त्यात फ फार होते. दुसऱ्या दिवशी ती बसने घरी परत आली. येताना तिने एक युक्ती मात्र आणली. कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायची. प म्हटला की पट्टी एकदा उडते आणि थांबते. फ म्हटला की हवा वाहते तोवर ती थरथरत राहते.

मॅमनी दुसऱ्याच दिवशी जुन्या वह्यांचे कागद कापून सगळ्या वर्गाला पट्ट्या वाटल्या. सगळ्यांच्या पट्ट्या एकदा उडाल्या आणि थांबल्या.

वर्गात त्या वर्षी एक नवी मुलगी आली होती. ती वरून आली होती, तळ्याकडून. तिची मावशी बाजारात मासळी विकायची, तिच्याकडे ती राहायला आली. मुलगी गप्प असायची. मॅम तिला इंदाय म्हणायच्या. त्या गावात कुठल्याही मुलीला प्रेमाने इंदाय म्हणतात, आणि मुलग्याला तोतो. मुले मात्र तिला वेगळ्याच नावाने हाक मारत.

त्याचे असे झाले. पहिल्याच आठवड्यात मैदानावर खेळताना गडी मोजायचे होते. गावच्या बोलीत चारला अपत म्हणतात. इंदायने एक, दोन, तीन नीट मोजले आणि चौथ्याला ती म्हणाली, "अफत." मुले थांबली. मग एवढी हसली की खेळ राहूनच गेला. तांबड्या सदऱ्याचा एक मुलगा होता, वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, "नातिबोला चारसुद्धा म्हणता येत नाही." डोंगरातल्या लोकांना खालचे लोक नातिबो म्हणत. त्या दिवसापासून ती अफत झाली. ती वर्गात आली की कुणीतरी हळूच म्हणे, "अफत आली." मुलीने एकदा ऐकले, दोनदा ऐकले. मग तिने तोंड मिटून घेतले.

मॅमना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसले, की ही मुलगी उत्तर देत नाही. कागदाची पट्टी धरली तर ओठही हलवत नाही. मॅमनी वहीत तिच्या नावापुढे 'मंद' असा शेरा लिहिला. असे शेरे पेन्सिलीने लिहायचे असतात, पण मॅमनी शाईने लिहिला.

फेब्रुवारीत तालुक्याची स्पर्धा असे. पाचवीच्या वर्गाने मिळून एकसुरात इंग्रजी म्हणायचे असते. मॅमनी ओळी स्वतःच रचल्या. शेतकरी, कोळी, शेते, फुले, रान, वडील, यांच्यावरच्या. इंग्रजीत यातल्या प्रत्येक शब्दात फ. मुद्दामच घातला होता. तालीम सुरू झाली. चाळीस मुले एका दमात म्हणाली आणि प्रत्येक फ चा प झाला. मॅमनी डोक्याला हात लावला. त्या इंदायला म्हणाल्या, "तू मागच्या रांगेत उभी राहा. नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

ती म्हणाली, "हो, मॅम." बऱ्याच दिवसांत तिच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द.

व्याकरणाचीही तीच कथा होती. तिथल्या बोलीत तो आणि ती असे वेगळे शब्द नाहीत. बाप असो, आई असो, सिया हा एकच शब्द. त्यामुळे मुले इंग्रजीत आईला बिनदिक्कत ही म्हणत आणि बापाला शी. कधी कधी मॅमच्याही तोंडून निसटायचे. एकदा तर मोठ्या सरांच्या बायकोबद्दल बोलताना त्यांनी तिला तीन वाक्यांत दोनदा पुरुष केले. क्रियापदांचा आणखी घोळ. तिथल्या बोलीत काम संपले, चालू आहे की व्हायचे आहे, हे क्रियापद सांगते. काल की आज, हे त्याला फारसे विचारायचे नसते. इंग्रजीला आधी घड्याळ दाखवावे लागते. मॅम फळ्यावर रकाने आखत, मुले उतरवून घेत आणि बाहेर जाऊन विसरत.

एका मुलाने एकदा विचारले होते, "मॅम, इंग्रजी माणूस वुई म्हणतो तेव्हा समोरच्याला कसे कळते, आपल्याला धरले की सोडले?" कारण त्यांच्या बोलीत, अगदी आपल्या मराठीसारखेच, आम्ही वेगळे आणि आपण वेगळे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मॅमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बिचाऱ्यांना विचारून घ्यावे लागत असेल." त्या दिवशी वर्ग खूश झाला. इंग्रजीकडेही नसलेले काहीतरी आपल्याकडे आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

एका शनिवारी मॅम बाजारात गेल्या. तिलापिया घ्यायची होती, आपल्याकडे जिला चिलापी म्हणतात ती. लेक सेबूत ती पिंजऱ्यांत वाढवतात आणि खालच्या बाजारात आणून विकतात. मावशी कुठेतरी गेली होती. फळीमागे एक म्हातारी बसली होती आणि तिच्याजवळ इंदाय. म्हातारीच्या कानांत पितळेचे जड डूल होते. जुन्या त्बोली चालीप्रमाणे तिने तरुणपणी दात काळे करून घेतले होते, ते अजून तसेच होते.

मॅमनी मासे मागितले. म्हातारी एकेक मासा टोपलीत टाकत आपल्या भाषेत मोजू लागली. "सोतू, लेवू, त्लू, फत."

मॅमचा हात पिशवीतच राहिला.

"लोला," मॅम म्हणाल्या, "पुन्हा मोजा बरं." लोला म्हणजे आजी.

म्हातारीला वाटले, बाई मोजणीत खोट काढते आहे. तिने मासे बाहेर काढले आणि मोठ्याने मोजत पुन्हा टाकले. "सोतू, लेवू, त्लू, फत."

या वेळी मॅम तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. चौथ्या माशाला काळे दात खालच्या ओठावर अलगद टेकले, हवा सुटली आणि दात उठले. मुलगी दावाओहून जे शिकून आली आणि मॅम कागदाच्या पट्ट्या कापून जे शिकवत होत्या, ते हेच होते.

"आणखी एकदा, लोला."

आता म्हातारी चिडली. तिने पाचवा मासा टोपलीत आदळला आणि नातीला काहीतरी सांगितले. इंदाय खाली बघत म्हणाली, "आजी म्हणते, एक मासा फुकट घ्या, पण आता जा."

मॅम गेल्या नाहीत. मासळीच्या पाण्यात पाय भिजत होते, तरी तिथेच उकिडव्या बसल्या.

"इंदाय, तुलाही असे म्हणता येते?"

"येते, मॅम."

"मग वर्गात का म्हणत नाहीस?"

"ते चूक आहे ना, मॅम."

"चूक आहे असे कोण म्हणाले?"

मुलीने कुणाचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, "सगळे हसतात."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. मैदान, मोजणी, अफत. त्बोली बोलीत फ आहे आणि प तिथला नाही. शेजारच्या भाषांतून आलेल्या शब्दांतच तो भेटतो. खालच्या गावाला जो फ जमत नव्हता तो या मुलीच्या जिभेवर जन्मापासून होता, आणि खालच्यांचा प तिला परका होता. चूक कुणाचीच नव्हती. एका बाजूला मुले चाळीस होती आणि दुसऱ्या बाजूला ती एकटी होती, म्हणून ते सोपे झाले.

मॅमनी पाच माशांचे पैसे दिले आणि घरी आल्या. रात्री त्यांना तो शाईने लिहिलेला शेरा आठवला आणि 'ओठ हलव, आवाज काढू नकोस' हेही आठवले. वर्गात फ म्हणता येणारे एकच मूल होते, आणि त्याचा आवाज त्यांनी स्वतःच बंद केला होता.

सोमवारी त्यांनी म्हातारीला शाळेत बोलावले. ती येईना. तिला वाटले, माशांवरून काही भानगड आहे. शेवटी इंदायने समजूत घातली तेव्हा ती आली आणि येताना त्नालाकचा एक तुकडा घेऊन आली. त्नालाक म्हणजे अबाकाच्या धाग्याचे कापड. अबाका केळीच्या जातीतलाच, पण त्याचे फळ नव्हे, धागा कामाचा. तो सोलून, विंचरून, एकेक केसासारखा धागा गाठी मारून जोडतात. मग पानांच्या काळ्या आणि मुळांच्या तांबड्या रंगात बुडवतात. नक्षी कागदावर काढत नाहीत. ती विणणारीला स्वप्नात दिसते. मागावरचे कापड कुणी ओलांडायचे नसते.

म्हातारी वर्गासमोर उभी राहिली. मुले एकमेकांना कोपराने ढोसत होती. ती सांगू लागली, ही नक्षी मला फू दालूने दिली. फू दालू अबाकाची राखण करणारी देवता. तीच स्वप्नात येते. म्हातारी तिच्या भाषेत बोलत होती आणि इंदाय गावच्या बोलीत सांगत होती. एवढी सलग बोलताना तिला कुणी ऐकले नव्हते.

तांबड्या सदऱ्याचा मुलगा उठला. "मॅम, इंग्रजीचा तास आहे. पेसो!"

वर्ग पुढे काय होते ते पाहू लागला. मॅमनी पर्स उघडली, एक पेसो काढला आणि स्वतःच डब्यात टाकला. म्हातारी पुढे बोलली, मॅमनी आणखी एक टाकला. मग मुलांना मजाच वाटू लागली. प्रत्येक वाक्याला वर्ग ओरडे, "पेसो!" आणि मॅम नाणे टाकत. फू दालूची गोष्ट संपली तेव्हा मॅमच्या पर्समधली नाणी संपली होती. त्या म्हणाल्या, "आता ज्याला हे नाव नीट घेता येईल, त्याने उभे राहा."

मुले म्हणाली, "पू दालू."

म्हातारीने मान हलवली. देवतेचे नाव चुकलेले तिला चालत नव्हते. ती पहिल्या बाकाजवळ गेली, वाकली आणि आपले काळे दात ओठावर टेकवून दाखवले. मुले दचकली, मग पाहू लागली. पांढऱ्या दातांचा ओठावरचा खेळ चटकन दिसत नाही, काळ्यांचा मागच्या बाकापर्यंत दिसतो. अर्ध्या तासात पहिली पट्टी थरथरली. ती सगळ्यांत लहान मुलाची होती, नुकताच दात पडून नवीन आलेल्या मुलाची.

डब्यातल्या पैशांनी म्हातारीच्या परतीच्या हाबाल-हाबालचे भाडे दिले. हाबाल-हाबाल म्हणजे तिथली भाड्याची मोटरसायकल, एका गाडीवर चार-पाच माणसे आणि एखादे डुक्करही नेते. उरलेले पैसे मॅमनी मोजले नाहीत. डबा टेबलावर राहिला, पण पुढे त्यात खडू ठेवू लागले.

त्यानंतर रोज शेवटचा अर्धा तास इंदायचा झाला. ती फळ्याजवळ उभी राही आणि त्बोलीत मोजे. चारला फत, दहाला स्फोलू. मुले तिच्यामागून म्हणत. एकदा फ सापडल्यावर मुलांनी तो कुठेही लावायला सुरुवात केली. पेनला फेन म्हणत, पेपरला फेफर, आणि पीपल तर ओळखूच येईना. तांबड्या सदऱ्याचा मुलगा दुकानात जाऊन फन्नास फेसोंचे तेल मागून आला. मॅमची थोरली मुलगीही दोन दुपार मागच्या बाकावर येऊन बसली. पुढच्या मुलाखतीत ती पास झाली की नाही, ते या गोष्टीत नाही.

मग एके दिवशी इंदायने स्वतःच हात वर केला. तिला पेपर म्हणायचे होते. पहिला प जमला, दुसरा घसरून फ झाला. वर्गात कुणीतरी फिसकन हसले. तांबड्या सदऱ्याचा मुलगा उठला. मॅमना वाटले, आता हा काहीतरी बोलणार. पण त्याने आपली कागदाची पट्टी उचलली आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "ओठ मिट," तो म्हणाला. "दात आत राहू दे. आता एकदम सोड." पट्टी एकदा उडाली आणि थांबली. "हां," तो म्हणाला, "हा आमचा." मग थोडे थांबून म्हणाला, "आपला."

गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये बोलू नये, पण इथे दोन शब्द बोलावेसे वाटतात. ज्या उच्चारासाठी त्या देशाने समुद्रापलीकडचे मास्तर ऐकले, दंडाचे डबे ठेवले आणि तरुण पोरींना शहरातून परत पाठवले, तो वरच्या डोंगरात मासे मोजताना रोज बोलला जात होता. गावाच्या कानांवर तो कितीदा तरी आला असेल. पण मासळीवाल्या म्हातारीच्या तोंडून आला, म्हणून त्याला कुणी विद्या म्हटले नाही, अडाणीपणा म्हटले. तोच परक्या साहेबाच्या तोंडून आला, तेव्हा फी भरून शिकायची तयारी होती. आणि शिकणे अडले होते ते जिभेमुळे कमी, हसण्यामुळे जास्त. ज्याला हसून गप्प बसवले, त्याच्याजवळ काय होते, हे हसणाऱ्याला कधी कळत नाही. मॅमना कळले, कारण त्या मासळी घ्यायला गेल्या आणि ऐकत राहिल्या.

स्पर्धा झाली. मुलांना दुसरा नंबर मिळाला. पहिला शहरातल्या शाळेला मिळाला, त्यांचे कपडे एकसारखे होते. इंदाय पहिल्या रांगेत, मधोमध उभी होती आणि सुरुवात तिच्याच आवाजाने झाली.

पुढच्या महिन्यात सुपरवायझर साहेब शाळेत आले. त्यांनी स्पर्धा ऐकली होती. त्यांनी वर्गाला पुन्हा म्हणायला लावले, डोळे मिटून ऐकले आणि आनंदाने टेबलावर हात आपटला.

"बेरी गुड!" साहेब म्हणाले. "बेरी गुड, ग्रेड पाइब! पर्पेक्ट!"

चाळीस मुलांनी ते ऐकले. प्रत्येकाला कळले. आता त्यांच्या कानांतून काही सुटत नव्हते. मॅमनी श्वास रोखून तांबड्या सदऱ्याकडे पाहिले. त्याने ओठ घट्ट मिटले होते. कुणी हसले नाही. सगळा वर्ग उभा राहिला आणि म्हणाला, "थँक यू, सर."

साहेबांनी विचारले, "एवढा स्वच्छ उच्चार यांना शिकवला कुणी? शहरातून कुणी आले होते का?"

मॅमनी इंदायकडे बोट दाखवले. साहेबांनी तिला जवळ बोलावले आणि इंग्रजीत विचारले, तू किती दिवस शहरात होतीस?

"नेबर, सर," इंदाय म्हणाली.

साहेब गेले. दार लागताच तांबड्या सदऱ्याचा मुलगा म्हणाला, "मॅम, फ झाला. पण नेव्हरमधला तो दुसरा तर हिलाही येत नाही. तो कुठे राहतो?"

मॅमना आता अशा प्रश्नांची सवय झाली होती. मागच्या सुट्टीत शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी विचारून ठेवले होते. लुझोन बेटाच्या अगदी उत्तरेला, कागायानच्या खोऱ्यात, इबानाग नावाचे लोक आहेत, त्यांनी सांगितले. आपण चंद्राला बुलान म्हणतो. ते व्हुलान म्हणतात. त्यांच्याकडे तो आहे.

"म्हणजे तो पण आपल्यातच आहे," सगळ्यांत लहान मुलगा म्हणाला.

"आपल्यातच. पण लांब आहे."

मुलांनी भिंतीवरचा नकाशा खाली घेतला. इंदायने दावाओवर बोट ठेवले, तांबड्या सदऱ्याच्या मुलाने मनिलावर, आणि बोटीचे भाडे किती, त्यापुढे बस किती, तिथली एक म्हातारी इकडे आणायची तर दोघांचे किती, याचा हिशेब ती फळ्यावर मांडू लागली. बेरीज इंग्रजीत चालली होती आणि भांडण दोन बोलींत.